एक चिंचोका कमी

"घोरपड बासुंदीत पडली," मी जाहीर केलं.

दिग्विजयने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आरं, पडली कशी? भिंतीवरनं चढत होती की ती!"

"फाशावर एक पडलाय. एक म्हणजे पाय घसरला. भिंतीखाली आचाऱ्यांनी बासुंदीचं पातेलं निवत ठेवलंय. मी काय करू?"

"मेली?"

"नाही. पोहते आहे."

"पोहत्या!" दिग्विजयने शेजारी बसलेल्या यास्मिनच्या पाठीत अशी थाप घातली की तिच्या तोंडातले दडपे पोहे टेबलभर उडाले. "माझी सुंदरी बासुंदीत पोहत्या! नाद खुळा!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही आमच्या घरी कुणी बासुंदी केली की पातेल्यात डोकावून बघायची पद्धत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं घर, डिसेंबरातला रविवार, जेवणाच्या टेबलावर कागद, पेन्सिली, फासे आणि आम्ही चौघं. खेळ म्हणाल तर सगळा तोंडाचाच. एकाने सूत्रधार व्हायचं. गाव कसं आहे, दार कुठे आहे, पहारेकरी काय म्हणाला, हे सगळं त्याने सांगायचं, आणि त्या पहारेकऱ्यापासून राजापर्यंत सगळ्यांचे आवाजही त्यानेच काढायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते पात्र काय करतं ते सांगायचं. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. आमची पात्रं सगळी चोर होती, गावाचं नाव सिंधुपूर, आणि सूत्रधार कायम मी.

दिग्विजय टायरचं दुकान सांभाळायचा. त्याच्या पात्राचं नाव भीमा, आणि भीमाची पाळलेली घोरपड म्हणजे सुंदरी. यास्मिन औषधांच्या दुकानात होती आणि खेळातही लोकांना गुंगीचं औषधच द्यायची. आणि शर्वरी. शर्वरीची चंदा कुठलंही कुलूप उघडायची.

सुरुवातीला आमच्याकडून एकही चोरी व्हायची नाही. कुठल्या दाराने शिरायचं, दोर कुणी घ्यायचा, कुत्रं आलं तर काय, यावर वाद घालता घालता दुपार सरायची, चहा व्हायचा आणि चोर आपापल्या घरी जायचे. शेवटी मी नियम केला. बेत आखायचा नाही. शिरायचं कसं तेवढं ठरवा, फासे टाका, मी तुम्हाला सरळ आत नेऊन उभं करतो. आत काही अडलं तर ओरडायचं, "मागची गोष्ट!" आणि सांगायचं की याची तजवीज मी कालच करून ठेवली होती. कशी केली ते सांगायचं आणि मधल्या वाडग्यात एक चिंचोका टाकायचा. चिंचोके संपले की मागची गोष्टही संपली. प्रत्येकाला सुरुवातीला ठरावीक मिळायचे. शर्वरीने तर आपल्या चिंचोक्यांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते, कारण दिग्विजय शेजाऱ्याचे पळवायचा.

या नियमाच्या बाबतीत मी कडक होतो. एकदा दिग्विजयच्या वाढदिवशी त्याचे चिंचोके संपले आणि भीमा फासावर लटकायची वेळ आली. "वाढदिवस हाय रं माझा, एक मागची गोष्ट फुकट दे की," म्हणून तो पाया पडला. मी दिली नाही. भीमाला सुंदरीने दोर कुरतडून सोडवलं, ते वेगळं.

आता त्या रविवारचं सांगतो. शर्वरीला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि संध्याकाळच्या बसने ती निघणार होती. म्हणजे आमचा हा शेवटचा खेळ. आणि मला ती आवडायची. आवडायची म्हणजे काय, जेवताना, अंघोळ करताना, ऑफिसात लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढताना डोक्यात तीच असायची. सूत्रधार म्हणून मी राजाच्या आवाजात गर्जना करायचो, सावकाराच्या आवाजात विव्हळायचो. माझ्या स्वतःच्या आवाजात मात्र तिच्याशी "चहा घेणार?" याच्या पुढे माझी गाडी कधी गेली नव्हती. त्यात तिचे वडील शेणोलीकर सर. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं. मी उभा राहून कविता पुटपुटायला लागलो की खडू आपटून म्हणायचे, "मोठ्याने! मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे." अजूनही ते रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो.

म्हणून मी हा बेत केला होता. आईचा जुना पितळी पानाचा डबा घेतला, त्याला एक छोटं कुलूप लावलं आणि आत गुजरीतल्या सोनाराकडून आणलेली चांदीची अंगठी ठेवली. खेळात ती तिजोरी. मोहिमेच्या शेवटी चंदा तिजोरीपाशी पोचणार, मी खरी किल्ली शर्वरीच्या हातात देणार, ती कुलूप उघडणार. पुढे मला काही बोलावंच लागणार नाही. बोलायचं नाही म्हणून एवढा खटाटोप करणारा माणूस मी एकटाच असेन. अंगठीचं माप मिळावं म्हणून मागच्या महिन्यात खेळात लागणार आहे असं सांगून तिची अंगठी मागून घेतली होती आणि दोन दिवसांनी परत दिली होती. मला वाटत होतं, कुणाला काही कळलेलं नाही.

शर्वरी त्या दिवशी आली तीच डाव्या हाताच्या बोटाला ही जाडजूड पट्टी बांधून.

"कुकरने भाजलं," ती म्हणाली. तिचे चिंचोके मी मोजून तिच्यापुढे ठेवायला लागलो, तर तिने एक उचलून मला परत दिला. "आज मला एक कमी दे. एक खर्च झालाय."

"अजून खेळ सुरू नाही झाला."

"तरी झालाय."

निघायची गडबड आहे, डोकं ठिकाणावर नसेल, असं मी धरून चाललो.

मोहीम अशी होती: सिंधुपूरच्या जकातदाराची साठी, हवेलीत मोठं जेवण, आणि आमचे चोर आचारी बनून शिरलेले. त्यातच ती घोरपड बासुंदीत पडली.

"आवाज ऐकून पहारेकरी आला," मी म्हणालो आणि घसा खरवडला. "कोण आहे रे तिकडं? पातेल्यात काय हलतंय?"

"मागची गोष्ट!" यास्मिनने चिंचोका टाकला. "या पहारेकऱ्याला सकाळीच खोकल्याचं औषध पाजलंय मी. डबल डोस."

फासा पडला, सहा. पहारेकरी उभ्या उभ्या झोपला, पण नेमका तिजोरीच्या खोलीच्या दाराला टेकून. त्याला हलवावं तर जागा होणार. दिग्विजय म्हणाला, त्याला दारासकट उचलू. यास्मिन म्हणाली, अजून एक डोस देऊ. दोघांचं भांडण लागलं आणि शर्वरी हसून हसून टेबलावर आडवी झाली. उद्यापासून हे नाही, हे मला सारखं आठवत होतं.

"मागची गोष्ट," ती डोळे पुसत म्हणाली. "हवेलीत आपला आतला माणूस आहे. तो मागच्या दाराने सोडेल."

"कोण?"

"जकातदाराची आई."

"जकातदाराची आई चोरांना कशाला मदत करेल?"

"कंटाळलीय बिचारी. म्हणते, मुलगा घुम्या आहे. मनात एक असतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही. त्यापेक्षा चोर बरे."

स्वयंपाकघरात आई खो-खो हसली. फोनवर मावशीशी बोलत असेल असं मला वाटलं. मी नियमाप्रमाणे चिंचोका घेतला, फासे टाकायला लावले, आणि जकातदाराच्या म्हातारीने थरथरत्या आवाजात "या गं बायांनो, या" म्हणत त्यांना आत घेतलं.

झालं, तिजोरीची खोली आली. मी पितळी डबा टेबलाच्या मधोमध सरकवला. पँटच्या खिशातल्या किल्लीवर हात ठेवला.

"तिजोरी समोर आहे," मी म्हणालो. "कुलूप नाजूक आहे. चंदाच ते उघडू शकेल."

शर्वरीने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको."

"नको म्हणजे?"

"उघडत बसायला वेळ कुठाय? अख्खी उचलून नेऊ."

"हां! भीमाच्या पाठीवर टाका!" दिग्विजय उठून उभाच राहिला.

"तिजोरी जड आहे," मी घाईघाईने म्हणालो. "पाच माणसांना हलणार नाही. फार अवघड आहे. दोन सहा पडले तरच."

दिग्विजयने टाकले. दोन सहा पडले. आयुष्यात त्याला दोन सहा पडले नव्हते.

"अरे, पण चंदाने एकदा कुलूप बघायला काय हरकत आहे?" माझा आवाज चिरकला. "कुलूप सुंदर आहे. नक्षीचं."

"चंदाला झोप आलीय," शर्वरी म्हणाली.

मी शिपाई सोडले. वाटलं, घेरले गेले की तिजोरी खाली ठेवतील, मग उघडतील. पण ही माणसं घेरली गेली की डोकं गहाण ठेवतात. यास्मिन म्हणाली, परसात विहीर आहे, तिच्यात टाकू आणि दोन दिवसांनी येऊन काढू.

"विहीर नाहीये!"

"तूच काढलीयस की नकाशात," यास्मिनने कागद माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ, गोल. पायऱ्यासुद्धा काढल्यायस."

ऑफिसची सवय, दुसरं काय. बंगला म्हटला की परसात विहीर आलीच. "टाका," शर्वरी म्हणाली, आणि माझी अंगठी सिंधुपूरच्या विहिरीच्या तळाला गेली. दिग्विजयने तोंडाने "डुबुक" असा आवाज काढला. तिघंही टाळ्या पिटत होते आणि मीही हसत होतो, कारण न हसणं शक्यच नव्हतं. पण आतून रडकुंडीला आलो होतो.

तेवढ्यात बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

शर्वरी उठली. स्वयंपाकघरात जाऊन आईच्या पाया पडली, यास्मिनला मिठी मारली, दिग्विजयच्या टपलीत मारली आणि दारात थांबली. चपला घातल्या तरी निघेना.

"सूत्रधार," ती म्हणाली, "काही सांगायचं राहिलंय का?"

मी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचं सगळं तिथे जिभेवर होतं. आणि बाहेर काय आलं, तर पहारेकऱ्याचा घोगरा आवाज: "सुखरूप जावा, बाईसाहेब."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मी येऊन खुर्चीत बसलो. माझी मलाच शिसारी आली. त्या पहारेकऱ्याला तसाच झोपू दिला असता तर बरं झालं असतं.

"चला, काढा ती तिजोरी वर," दिग्विजय म्हणाला. "भीमानं एवढी पाठीवर वाहिली. बघू तरी काय घावतंय."

"राहू दे."

"राहू दे कसं?" त्याने माझ्या खिशातून किल्ली काढली. ती मी मघापासून मुठीत आवळून बसलो होतो आणि मुठीसकट खिशात होती, तरी काढली. कुलूप उघडलं. झाकण वर केलं. "ह्यॅ! एवढ्यासाठी मरमर केली व्हय?"

डब्यात अंगठी नव्हती. एक चिंचोका होता. त्याच्यावर लाल ठिपका.

"अंगठी कुठे गेली?" मी ओरडलो.

"कसली अंगठी?" दिग्विजयने विचारलं.

यास्मिन टेबलाखाली गेली होती. पडली की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर ती पोट धरून हसत होती. "अरे येड्या," तिला धड बोलताही येईना, "तिची अंगठी परत दिलीस ती कशात गुंडाळून? सोनाराच्या गुलाबी कागदात! कोल्हापुरात शेंबड्या पोराला कळतं तो कागद काय असतो ते! दुसऱ्या दिवशी तिने येऊन मला दाखवला."

"पण डब्याला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे..."

"कुलपाला दोन किल्ल्या येतात रे," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. हातात झारा होता आणि पदर डोळ्यांना. "एक तू घेतलीस. दुसरी कुलपाच्या खोक्यासकट माझ्या फडताळात टाकलीस. काल तू केस कापायला गेलास तेव्हा आली होती ती. सगळं रीतसर विचारून नेलंन हो. चिंचोकासुद्धा टाकलान, म्हणाली, नाहीतर तो मागची गोष्ट मानणार नाही."

मला आठवलं, जकातदाराची कंटाळलेली आई. एक चिंचोका कमी दे. उघडायची नको, उचलून नेऊ, विहिरीत टाका. सगळी दुपार ती मला रिकाम्या डब्यामागे पळवत होती.

"आणि ती पट्टी?"

"मीच बांधली," यास्मिन म्हणाली. "भाजलंय कुठलं! खाली अंगठी आहे."

माझ्या पायांत काय झालं सांगता येत नाही, पण मी टेबलाभोवती एक चक्कर मारली. मग उलटी दुसरी मारली. दिग्विजय म्हणाला, "म्हंजे मलाच कुणी सांगितलं नाही व्हय?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही," यास्मिन म्हणाली.

"अरे, उभे काय राहिलायत?" आई झारा उगारून म्हणाली. "ती दारात थांबून विचारून गेली, आणि हा तिला बाईसाहेब म्हणतो! बस सुटेल!"

दिग्विजयच्या बुलेटवर मी मागे बसलो, अनवाणी, एका हातात तो पितळी डबा. का घेतला ते देवाला ठाऊक. दिग्विजय सगळ्या रस्ताभर ओरडत होता, "बाजूला व्हा, चोर पळालाय!" आणि लोक खरोखर बाजूला होत होते.

स्टँडवर बंगळुरूची बस लागलेली होती, इंजिन चालू. डिकीत बॅग ठेवून हात झटकत शेणोलीकर सर उभे. एरवी मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो असतो, पण स्टँडला पलीकडचा फुटपाथ नव्हता. खिडकीत शर्वरी बसली होती. बोटाची पट्टी काढलेली, हात गजावर, आणि बोटात माझी अंगठी. बरोब्बर बसली होती.

"थांबा!" मी म्हणालो, आणि आवाज पुन्हा पहारेकऱ्याचाच निघाला.

"कोण बोलतंय?" खिडकीतून शर्वरीने विचारलं. "पहारेकरी की जकातदार?"

"मी."

"मग तुझ्या आवाजात बोल."

मी बोललो. म्हणजे माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघून काहीतरी पुटपुटलो.

"हेरंब," मागून सरांचा आवाज आला, आणि मी सातवीत असल्यासारखा ताठ झालो. "मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

मग मी मान वर केली, श्वास घेतला आणि स्वतःच्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडलो, "शर्वरी, माझ्याशी लग्न करशील?"

बसच्या मागच्या बाकावरून गुळाची ढेप मांडीवर घेतलेल्या एका आजोबांनी डोकं बाहेर काढलं. "काय म्हंतोय त्यो?" शेजारच्या बाईंनी त्यांना कानात सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"मागची गोष्ट!" शर्वरी म्हणाली. तिचा आवाजही थरथरत होता, तेव्हा कुठे मला कळलं की घाबरलेला मी एकटाच नव्हतो. "बाबांना मी कालच सांगून ठेवलंय. तुझ्या आईलाही. उत्तर हो आहे. फक्त तू विचारायचा राहिला होतास."

आणि मी काय बोललो असेन? आनंदाने माणसाचं डोकं कामातून जातं ते असं. इतक्या रविवारांची सवय. मी हातातला डबा पुढे केला आणि म्हणालो, "चिंचोका?"

दिग्विजयने कपाळावर हात मारून घेतला.

"संपले," शर्वरी म्हणाली. "एक तुझ्या डब्यात टाकला, बाकीचे खेळात गेले."

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर थांबला होता. सर, गुळवाले आजोबा, बुलेटवरचा दिग्विजय, सगळे माझ्याकडे बघत होते. चिंचोका नाही तर मागची गोष्ट नाही, असा नियम होता. माझाच होता.

"राहू दे," मी म्हणालो. "चालेल."

घंटी वाजली, बस हलली, ती खिडकीतून हात बाहेर काढून हसत होती आणि मी अनवाणी बसच्या बरोबरीने पळत होतो. आणि मागून दिग्विजय ठणाणा करत होता, "आणि माझ्या वाढदिवसाला रं?"